बेबीताईची खिरापत

आईचा चष्मा दुरुस्त होऊन आला होता, एवढंच निमित्त. एरवी माझा वार रविवार, सकाळी दहा ते बारा. आई वृद्धाश्रमात गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत तो मी दोनदाच चुकवला, एकदा नवऱ्याच्या, अवधूतच्या, अँजिओग्राफीमुळे आणि एकदा मला स्वतःला ताप होता म्हणून. हा मंगळवार होता आणि संध्याकाळचे सव्वापाच वाजले होते. फाटकाशी स्कूटी लावून मी व्हरांड्याच्या पायरीवर पाय ठेवला, तोच आतून कोणी बाई म्हणाली, "काहून वो बेबे, आज उशीर केला? मी कवाची वाट पाहून राह्यली." मला वाटलं, लालीबाई असतील, आईच्या शेजारच्या खाटेवरच्या. मी दुसरी पायरी चढले. मग तोच आवाज म्हणाला, "आन तेल कोमट कर बरं, मागच्या खेपेले थंडं होतं," आणि माझा पाय तिथंच थांबला, कारण हा आवाज आईचा होता. माझ्या आईचा, जिच्या तोंडून मी एकोणसाठ वर्षांत 'मले' नि 'तुले' कधी ऐकलं नव्हतं. चौथीत असताना मी शाळेतून 'मले नाही पाह्यजे' असं एक वाक्य घरी आणलं, तेव्हा हातातला झारा तसाच धरून तिनं दुसऱ्या हातानं माझ्या थोबाडीत दिली होती. "आपण असं बोलत नाही," ती म्हणाली होती. आपण म्हणजे कोण, हे विचारायची माझी छाती झाली नव्हती. यवतमाळच्या कोर्टातल्या नाझरची बायको, रोज दुपारी इस्त्रीची साडी नेसून बसणारी. बाभुळगावकडच्या कुठल्या तरी खेड्यात तिचं माहेर होतं, पण ते मी नीट पाहिलंही नाही. आजोबा लवकर गेले आणि घर विकलं गेलं. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा ती बोली तिनं तिथंच ठेवली असेल असं मी धरून चालले होते. ती तिनं जपून ठेवली होती आणि माझ्यापासून लपवली होती, हे मला त्या पायरीवर उभं असताना कळलं.

खांबाआडून पाहिलं. आई प्लास्टिकच्या खुर्चीत, डोकं मागे टाकून, केस मोकळे सोडून बसली होती. पांढरे, विरळ, खांद्यापर्यंतचे केस. आईचे केस इतके कमी झालेत हे मला माहीत नव्हतं, कारण ती माझ्यासमोर कधी अंबाडा सोडत नाही. मी रविवारी गेले की ती आधीच तयार होऊन बसलेली असते, पाहुणे येणार असल्यासारखी. तिच्या मागे एक पन्नाशीची बाई उभी होती, काळीसावळी, अंगानं भक्कम. शेतातून आलेली असावी, साडीवर पुरुषी शर्ट तसाच होता आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिची तेलकट बोटं आईच्या डोक्यात फिरत होती आणि आईनं डोळे मिटले होते. मांडीचं हाड मोडून आई दवाखान्यात होती तेव्हा मी एकदा तिची वेणी घालायला गेले होते. "राहू दे, तू दमली असशील," असं म्हणून तिनं माझा हात बाजूला केला होता. मला तेव्हा तो समजूतदारपणा वाटला. आता वाटलं, ती मला टाळत होती. आत जाऊन "आई" म्हणावं, एवढीच गोष्ट होती. मी आत गेले नाही. ऑफिसात जाऊन व्यवस्थापक घनश्यामभाऊंच्या टेबलावर चष्मा ठेवला.

"आले का ताई? आज मंगळवारच्या?" ते खूश झाले. "पाह्यलं काय आमचं नवीन? आसपासच्या गावच्या बायांना बोलावतो आता रोज संध्याकाळी, पाळीपाळीनं. कोणी भजन म्हणते, कोणी वाती वळायले बसवते. ह्या महिन्यात बेबीताईनं भुलाबाई बसवली. आज्या अशा रमल्या म्हणून सांगू! काकू तं साऱ्यात पुढं. नातेवाइकांचं कसं आहे ताई, येतात बिचारे, पण घड्याळाकडे पाहत येतात. बाया मात्र बसतात." ते माझ्याविषयी बोलत नव्हते. पण मला नेमकं तेच ऐकू आलं, आणि नकळत माझं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे गेलं तेव्हा मी दुसरा हात त्यावर ठेवला.

घरी येऊन अवधूतला सांगितलं. तो म्हणाला, "चांगलंच आहे की." चांगलं होतंच. मी भूमी अभिलेखमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली आहे. बांध दोन हात इकडे सरकला म्हणून सख्खे भाऊ कोर्टात जाताना पाहिले, आणि त्यांना मनातल्या मनात हसले. आता मी रात्रीचा कुकर लावताना विचार करत होते की ही बाई कोण, हिचा काय संबंध, हिला कोणी अधिकार दिला. आईचं पथ्यपाणी, औषधांच्या वेळा, डायपरचा ब्रँड, कुठल्या कुशीवर झोपलं की दुखतं, हे सगळं मला पाठ. व्यवस्थापकांना फोन मी करते. जिना चढता येत नाही म्हणून तिला तिथं ठेवताना रडले मी. आणि डोळे मिटून डोकं हवाली करायला ही. तिला तर शुगरचा आकडाही माहीत नसेल, असं मी म्हटलं आणि त्या वाक्याला मी घट्ट धरून ठेवलं, कारण एवढ्या वेळात हातात धरण्यासारखं तेच सापडलं होतं.

बुधवारी पुन्हा गेले. यावेळी निमित्तही नव्हतं. व्हरांड्याला लागून हॉलची खिडकी आहे, तिथं उभी राहिले. मध्ये पाटावर मातीची भुलाबाई आणि भुलोबा, म्हणजे पार्वती नि शंकर, त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचं मखर, आणि भोवती दहा-बारा म्हाताऱ्या, कोणी खुर्चीत, कोणी चाकांच्या खुर्चीत, लालीबाई खाली सतरंजीवर. गाणी सुरू होती. आई गात होती. बेसूर गात होती, पण एकही शब्द न चुकता, आणि मधूनच दुसरीचं चुकलं की हात उंचावून थांबवत होती. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी असं रोज घरोघर जमायच्या. गाणी झाली की त्या घरची खिरापत, आणि ती झाकल्या डब्यातच ओळखायची. डबा वाजवून पाहायचा, गोड की तिखट विचारायचं, तळलेलं की भाजलेलं विचारायचं. जिची खिरापत कोणालाच ओळखता आली नाही, ती पोर दुसऱ्या दिवशीपर्यंत ताठ मानेनं फिरायची. माझ्या पाळीला आई दरवर्षी शिराच करायची. साजूक तुपातला, बेदाणे घातलेला, उत्तम शिरा. डबा वाजायचाच नाही, आणि कोणी तरी पोर हातात न घेताच ओरडायची, "शिराऽ!" सगळ्या हसायच्या. मी एकदा रडून सांगितलं होतं, आई, काहीतरी वेगळं कर ना, कोणाला न कळण्यासारखं. ती म्हणाली, "खाण्याच्या पदार्थात कसली लपवाछपवी?" आणि आता तीच आई खुर्चीतून पुढे वाकून, बेबीताईच्या हातातला डबा कानाशी नेऊन हलवत होती आणि डोळे बारीक करून म्हणत होती, "हलकं हाय वो. भाजलेलंच हाय. थांब, सांगू नोको. कोणी सांगू नोका." मग एकदम टाळी वाजवून ओरडली, "लाह्या! जवारीच्या लाह्या!" बेबीताईनं कपाळावर हात मारला. "हारलो बाप्पा तुमच्यापुढं काकी. उद्या असं आणतो का तुमच्या बापालेही नाही ओळखता येणार." आई खदखदून हसली. तोंडात पुढचे चार दात आहेत, ते सगळे दिसले. मग तिनं आपल्या वाटीतल्या लाह्या घेऊन बेबीताईच्या तोंडात कोंबल्या. मी खिडकीचा गज धरून उभी होते आणि मला एकच गोष्ट हवी होती, हे थांबायला हवं होतं. तिची मजा मला बघवत नव्हती. स्वतःच्या आईची. चौऱ्याऐंशी वर्षांच्या.

गुरुवारी सकाळी मी घनश्यामभाऊंना फोन केला. आवाज अगदी कार्यालयीन होता, तो मला चांगला जमतो. "आईला मधुमेह आहे, तुमच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे. बाहेरच्या बायका काय आणतात, कुठल्या तेलात करतात, कोण बघतं? उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? लेखी देऊ का?" ते गडबडले. नाही नाही, लेखी कशाला ताई, म्हणाले. दुपारपर्यंत आश्रमाच्या फाटकाला पाटी लागली, बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि दुपारी छान झोपले. हे मुद्दाम सांगते, कारण मागाहून मला किती वाईट वाटलं ते सांगणार आहे, तेव्हा हेही सांगायला पाहिजे.

रविवारी माझा वार. आई नेहमीसारखी अंबाडा घालून, पदर नीट करून बसलेली. "कशी आहेस? अवधूतरावांची तब्येत?" अशी चौकशी. मी पेपर वाचून दाखवला. तिनं ऐकला. निघताना घनश्यामभाऊ फाटकापर्यंत आले. बेबीताई शुक्रवारपासून येत नाही, म्हणाले. खिरापतीशिवाय भुलाबाई म्हणजे देवीले उपाशी उठवणं झालं भाऊ, तसं पाप मी नाही करत, असं सांगून गेली. रागावली नाही, पण आली नाही. "आणि ताई, तुम्ही बोलले ते बरोबरच होतं, पण एक सांगू? ती पहिल्याच दिवशी माझ्याकडून कोणाले काय चालते त्याची यादी लिहून घेऊन गेलती. काकूंचा डबा येगळाच असे तिचा. साखर नाही, गूळ नाही. लाह्या, फुटाणे, मुरमुरे, असंच." मी हेल्मेट घातलं. हेल्मेटमध्ये तोंड दिसत नाही, हे बरं असतं. "मग उद्यापासून मी येते ना," मी म्हटलं. "मी घेते संध्याकाळ. मला येतात गाणी." हे बोलताना मला वाटत होतं की मी भरपाई करते आहे. पण आतून खरं म्हणजे मी रिकामी झालेली जागा बळकावायला निघाले होते.

सोमवारी मी घरून परवानगीचा डबा नेला. नाचणीचे पातळ खाकरे, मेथी घातलेले, स्वतः शेकलेले. कोणाला ओळखता येणार नाहीत असे. म्हाताऱ्या बसल्या होत्या. मी मोबाईलमध्ये शोधून लिहून घेतलेली गाणी म्हटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या, सभेत वाजवतात तशा. डबा फिरवला. एक जण म्हणाली, बिस्किट. दुसरी म्हणाली, तुम्हीच सांगा मॅडम. लालीबाईंनी डबा हातात न घेताच विचारलं, "बेबी कवा येते?" मी डबा आईच्या हातात दिला. तिनं तो वाजवला नाही. दोन्ही हातांनी धरून मांडीवर ठेवला आणि अगदी स्वच्छ, माझ्या लहानपणच्या मराठीत म्हणाली, "तू कशाला एवढा त्रास घेतलास, रजनी?" त्या एका वाक्यानं मी सगळ्यांसमोर परकी झाले. मग म्हणाली, "मला आत ने." खाटेवर निजवलं, पाय वर घेतले, पांघरूण घातलं. भिंतीकडे तोंड करून तिनं विचारलं, "तिला कोणी काही बोललं का?" मी म्हटलं, "नाही गं. सोयाबीनची सोंगणी चालू आहे, कामात असेल." आई वळली. दुरुस्त करून आणलेल्या चष्म्यातून तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "असेल," म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. गुरुवारी घनश्यामभाऊंचा फोन आला की काकू तीन दिवसांपासून संध्याकाळचं जेवत नाहीत, हॉलमध्येही येत नाहीत. शुक्रवारी दुपारी मी बेबीताईच्या गावाला निघाले.

बाभुळगावच्या रस्त्यानं जाताना दोन्हीकडे सोयाबीन पडलेलं होतं, मध्येमध्ये मळणीयंत्रांची धूळ उडत होती. कुठल्याशा फाट्याला माझ्या आईचं माहेर होतं. नाव माहीत आहे, फाटा माहीत नाही. काय बोलायचं ते मी जुळवत होते. माझं चुकलं, असं म्हणायचं? की आईला तुमची सवय झाली आहे, असं? सवय हा शब्द मला बरा वाटत होता, त्यात प्रेम येत नव्हतं. घर विचारत गेले. ओसरीवर एक म्हातारी बसली होती, पाय लांब करून, पुढ्यात सूप, सुपात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, वाळक्या शेंगा. एकेक शेंग अंगठ्यानं फोडून दाणे काढत होती. बेबीताई वावरात गेली होती, येईलच म्हणाली. मी नाव सांगितलं, आश्रमातल्या नेरकर काकूंची मुलगी. म्हातारीनं शेंग फोडायची थांबवली.

"तूच काय थे? ये, बस. मले तुले पाहाचंच होतं." मी पायरीवर बसले. "मी बेबीची माय. तुळसाबाई. पोरगा उमरखेडले असते, थो काई नेत नाही, म्हणून पोरीच्या दारी पडली. मले एक सांग, तुही माय करते तरी काय अशी?" मला कळेना. "नाही, इचारतो. माही पोरगी पंधरा-वीस दिवस रोज संध्याकाळी सायकलीवर तथीसा जाते. घरी आली का तिचंच. काकी अशी हासली, काकीनं असं म्हटलं, काकीनं खिरापत वळखली. लाह्या भाजल्या का आधी काकीचा डबा भरते, मंग माह्या वाटीत. माह्याशी बोलाले तिले टाईम नाही. जेवण देते, गोळी देते, 'झोप माय' म्हणते. घरात तोंडाले कुलूप आन तथी हासणं. आता आठ दिवसापासून घरी हाय, तं तोंड फुगवूनच बसली." ती खालच्या मानेनं शेंग फोडू लागली. "मी काय मेली हाओ काय?"

हात आपोआप सुपाकडे गेला, एक शेंग घेतली. मला फोडता येईना. "अशी नाही वो, शिरेवर दाब," म्हणून तिनं माझा अंगठा धरून दाखवलं. तिची बोटं खरखरीत आणि गरम होती. चार-पाच शेंगा बिघडल्यावर जमलं. मग मी विचारलं, मावशी, तुमचं माहेर कुठलं? एवढं विचारायचा अवकाश. ती बोलायला लागली. नदीत वाहून चाललेलं वासरू, लग्नात रुसून गुरांच्या कोठ्यात जाऊन बसलेला नवरा, पहिली मुलगी जी सात दिवसांची होऊन गेली, तिचं नाव ठेवायचं राहिलं तरी मनातल्या मनात ठेवलं होतं ते नाव. ते तिनं मला सांगितलं. मी विचारत गेले. रडायला आलं तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो ठेवताना मला जराही अवघडलं नाही. मी स्वतःच चकित झाले. मला येत होतं हे सगळं. दुसऱ्याच्या आईशी बोलणं इतकं सोपं असतं. तिचं काही देणं नसतं, तिला कुठं ठेवून आलेलं नसतं, तिनं आपल्याला थोबाडीत मारलेली नसते. तुळसाबाईंनी पदरानं डोळे पुसले, मग त्या वासराचं काहीतरी आठवून एकदम हसायला लागल्या, आणि मीही हसले. आमचं हसणं चालू असतानाच अंगणात सायकल टेकवल्याचा आवाज झाला.

बेबीताई उभी होती. डोक्याला फडकं, शर्टाच्या बाह्यांना सोयाबीनचा भुसा, हातात विळा. तिनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, जो अजून तिच्या आईच्या पाठीवर होता. "आल्या काय ताई," ती म्हणाली. तुळसाबाई उत्साहानं म्हणाल्या, "वो बेबे, हिले मी आपल्या कमळीचं सांगतलं, सात दिवसाच्या."

"कमळी कोण?" बेबीताईनं विचारलं.

"तुही मोठी बहीण वो. नाव मीच ठेवलं होतं मनात."

"मले तं कधी नाही सांगतलं माय." विळा अजून तिच्या हातातच होता. "पन्नास वर्षाची झालो मी. बहीण होती म्हणून ठाऊक होतं, नाव कधी नाही सांगतलं."

"तू कधी बसली काय माह्याजवळ इचाराले?"

बेबीताईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी लगेच ओळखलं. ओठ आवळले गेले, मान जरा ताठ झाली, आणि डोळे त्या हातावरून हलेनात. मी उठायला पाहिजे होतं. ज्या कामाला आले होते ते काम बोलायला पाहिजे होतं. मी बोललेही. "बेबीताई, पाटी मी लावायला सांगितली होती. काढायलाही मीच सांगते. आई जेवत नाही. उद्या या." ती म्हणाली, "मले ठाऊक होतं तुमीच सांगतलं म्हणून. घनश्यामभाऊ नाही बोलले, पण मले समजलं. येतो उद्या. काकीसाठी येतो." मग ती ओसरीवर चढली, विळा वळचणीला खोचला, आणि आईच्या पुढ्यातलं सूप उचललं. "चाल माय, आत चाल. थंडी पडून राह्यली." ऊन अजून पायरीवर होतं. तुळसाबाई म्हणाल्या, "राहू दे, बसतो मी अजून हिच्याजवळ," आणि माझं मनगट धरलं. सूप घेतलेली बेबीताई आमच्या डोक्यावर उभी राहिली. मला तिची कीव आली पाहिजे होती, ती आली नाही. मला बरं वाटलं.

"उद्या येशीन काय वो?" तुळसाबाईंनी विचारलं. "ही तं संध्याकाळी तथी जाईन."

मी बेबीताईकडे पाहत म्हटलं, "येईन."